पहिल्या शंभर कांजी: वाचायच्या कशा, लिहायच्या कशा

जपानी लेखनात तीन लिप्या एकाच वाक्यात शेजारी शेजारी येतात. त्यांपैकी हिरागाना आणि काताकाना या उच्चार दाखवणाऱ्या लिप्या असून प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६ आहेत. त्यांचा ‘आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ हा क्रम मराठी वाचकाला फारसा परका वाटत नाही, कारण बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच तो जपानात रूढ झाला. रोज थोडा वेळ दिल्यास या दोन्ही लिप्या महिना-दीड महिन्यात अंगवळणी पडतात. तिसरी लिपी म्हणजे चीनमधून आलेली, अर्थ दाखवणाऱ्या चिन्हांची कांजी (यातल्या एकेका चिन्हालाही कांजीच म्हणतात), आणि बहुतेकांचा उत्साह मावळतो तो येथे. यादी समोर ठेवून एकेका कांजीचे सगळे उच्चार आणि सगळे अर्थ पाठ करत बसण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती या कंटाळ्याला बरीचशी जबाबदार आहे. कांजी शब्दात शिकावी, आणि लिहिण्यासाठी मोजक्याच निवडून त्या नीट लिहाव्यात, हे धोरण पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी आहे.

एक गोष्ट आधी सांगणे आवश्यक आहे. पुढे प्रत्येक कांजीचा उल्लेख तिच्या उच्चाराने व अर्थाने केलेला आहे. वाचताना जपानी शब्दकोशाचे एखादे अॅप उघडे ठेवावे, तो उच्चार टाकून आकृती डोळ्यांसमोर आणावी आणि मगच रेघांचे वर्णन वाचावे. हिरागाना व काताकाना पक्क्या झाल्याशिवाय मात्र कांजीला हात घालू नये. शब्दकोशात कांजीचे उच्चार याच दोन लिप्यांत दिलेले असतात, आणि रोमन अक्षरांच्या कुबड्या घेऊन केलेले वाचन पुढे अडथळाच ठरते.

किती आणि कोणत्या

जपान सरकारच्या २०१० सालच्या सुधारित यादीत नित्य वापराच्या २१३६ कांजी आहेत. त्यांपैकी १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवल्या जातात. पहिलीत ८०, दुसरीत १६० आणि तिसरीत २०० अशी ती वाटणी आहे. जपानी मूलसुद्धा पहिल्या वर्षी ८०च कांजी शिकते, हे ध्यानात ठेवले की स्वतःवरचा ताण बराच हलका होतो. पुणे-मुंबईत केंद्रे असलेल्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-फाइव्ह या सर्वांत खालच्या पातळीसाठी साधारण शंभर कांजी याव्यात, असे शिक्षक मानतात. अधिकृत यादी परीक्षा घेणारी संस्था प्रसिद्ध करत नाही. या परीक्षेत हाताने काही लिहावे लागत नाही, सर्व प्रश्न पर्यायी असतात.

म्हणून वाचन आणि लेखन ही दोन स्वतंत्र कामे मानावीत. वाचता येणाऱ्या कांजींची संख्या झपाट्याने वाढू द्यावी. हाताने लिहिण्यासाठी पहिल्या शंभर पुरेत. पण त्या शंभर खरोखर लिहाव्यात, कारण हाताने काढल्याशिवाय डोळ्याला रेघा वेगळ्या दिसू लागत नाहीत, आणि पुढे पंधरा-वीस रेघांची कांजी समोर आली की सारे जाळे एकसारखेच वाटू लागते. शंभरानंतर लिहिण्याचा आग्रह किती धरायचा, हे ज्याने त्याने आपल्या गरजेनुसार ठरवावे. जपानात जाऊन शिकायचे असेल तर तो धरावा लागेल. कचेरीत जपानी पत्रव्यवहार करायचा असेल, तर तो संगणकावरच होणार आहे.

शाळेतील इयत्तांचा क्रम प्रौढांनी जसाच्या तसा उचलू नये, असे माझे मत आहे. तो लहान मुलांच्या जगाचा क्रम आहे. त्यात किडा आणि शिंपला यांच्या कांजी पहिलीतच येतात, कारण त्या काढायला सोप्या आहेत. स्टेशनसाठीची ‘एकी’ ही कांजी १४ रेघांची म्हणून तिसरीत येते, आणि ‘मी’ या अर्थाची ‘वाताशी’ तर थेट सहावीत. परदेशी माणसाला पहिल्याच महिन्यात स्टेशन लागते, शिंपला लागत नाही. अंक, वार, दिशा, माणूस, खाणे, पिणे, जाणे, येणे, पाहणे, पैसे, रस्ता आणि स्टेशन या क्रमाने घेतलेली यादी अधिक उपयोगाची ठरते.

उच्चार शब्दातून घ्यावा

जवळजवळ प्रत्येक कांजीला उच्चारांची दोन घराणी असतात. चिनी उच्चार जपानी जिभेवर बसून जो झाला तो ‘ओन्योमी’, आणि त्या अर्थाचा जो मूळ जपानी शब्द त्या चिन्हाला जोडला गेला तो ‘कुन्योमी’. डोंगराच्या कांजीचे कुन्योमी ‘यामा’ आणि ओन्योमी ‘सान’. फुजिसान या नावातला ‘सान’ तो हाच. माणसाच्या नावापुढे लागणाऱ्या आदरार्थी ‘सान’शी त्याचा काहीही संबंध नाही. आगीची कांजी ‘का’ आणि डोंगराची ‘सान’ जोडली की ‘काझान’ म्हणजे ज्वालामुखी होतो, आणि जोडताना ‘सा’चा ‘झा’ झालेला दिसतो.

ढोबळ नियम असा की कांजी एकटी उभी असेल किंवा तिच्यामागे हिरागानाचे शेपूट असेल, तर कुन्योमी वाचावे. दोन-तीन कांजी एकमेकींना चिकटून आल्या तर ओन्योमी वाचावे. नियमाला अपवाद भरपूर आहेत, तरी पहिल्या शंभरात तो बऱ्याच वेळा उपयोगी पडतो. हिरागानाच्या त्या शेपटाला ‘ओकुरिगाना’ म्हणतात. ‘ताबेरु’ या क्रियापदात ‘ता’ एवढाच भाग कांजीत असतो आणि ‘बेरु’ हिरागानात; ‘ताबेमासु’, ‘ताबेता’ अशी रूपे बदलत जातात, कांजी मात्र जागची हलत नाही. आपल्याकडे धातू स्थिर राहून प्रत्यय बदलतात तसाच हा व्यवहार असल्यामुळे मराठी माणसाला तो चटकन कळतो.

सगळे उच्चार एकदम पाठ करणे का टाळावे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘जीवन, जन्म, कच्चे’ या अर्थाची कांजी. तिला दहाहून अधिक उच्चार आहेत. ते ओळीने घोकले तर चार दिवसांत उडून जातात. त्याऐवजी ‘गाकुसेई’ म्हणजे विद्यार्थी, ‘सेन्सेई’ म्हणजे शिक्षक आणि ‘उमारेरु’ म्हणजे जन्मणे, हे तीनच शब्द शिकावेत. पहिल्या दोन शब्दांतून ‘सेई’ आपोआप बसतो, तिसऱ्यातून ‘उ’ बसतो, आणि उरलेले उच्चार जेव्हा शब्द भेटतील तेव्हा भेटतील. माणसाच्या कांजीचेही असेच आहे: तिघांना ‘सान्निन’, भारतीयाला ‘इंदोजिन’, त्या माणसाला ‘आनो हितो’, आणि एकट्याला ‘हितोरी’, दोघांना ‘फुतारी’ म्हणताना कोणताच नियम चालत नाही, तो शब्द अख्खाच लक्षात ठेवावा लागतो.

सुरुवातीच्या सरावासाठी आडनावांसारखे दुसरे साधन नाही. डोंगर ‘यामा’, शेत ‘ता’, मूळ ‘मोतो’, मध्य ‘नाका’, तोंड ‘कुची’ आणि नदी ‘कावा’ या सहा कांजी आल्या की यामामोतो, तानाका, यामादा, नाकायामा, यामागुची आणि कावागुची ही आडनावे वाचता येतात. ‘ता’चा ‘दा’ आणि ‘कुची’चा ‘गुची’ का झाला, याचा उलगडाही येथेच होतो: शब्दाच्या पोटात गेलेले पहिले व्यंजन पुष्कळदा मृदू होते. आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारे होंडा हे नावही मूळचे आडनावच, आणि ते याच यादीतील ‘मूळ’ व ‘शेत’ यांचे बनलेले आहे. फक्त तेथे मूळाची कांजी ‘मोतो’ न वाचता ‘होन’ वाचली जाते. सुझुकीतला ‘की’ म्हणजे झाड.

वारांची नावे तर मराठी वाचकाला जवळजवळ फुकट मिळतात. सोमवारपासून रविवारपर्यंत चंद्र, अग्नी, पाणी, झाड, सोने, माती आणि सूर्य अशा सात कांजी अनुक्रमे येतात. वरवर पाहता हा क्रम मनमानी दिसतो. पण जपानीत मंगळ ग्रहाला ‘कासेई’ म्हणजे अग्नितारा, बुधाला ‘सुइसेई’ म्हणजे जलतारा, गुरूला ‘मोकुसेई’, शुक्राला ‘किन्सेई’ आणि शनीला ‘दोसेई’ म्हणतात, हे कळले की आपले मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार त्याच ओळीत उभे असलेले दिसतात. या सातही कांजींचे ओन्योमी ‘गेत्सु, का, सुइ, मोकु, किन, दो, निची’ असे आहेत, आणि त्यांपुढे ‘योबी’ लावले की वार होतो. यांतला ‘यो’ थोडा लांबवून म्हणायचा असतो. त्याची कांजी १८ रेघांची आहे; ती सुरुवातीला केवळ ओळखावी, लिहिण्याच्या भानगडीत पडू नये.

रेघांचा क्रम

लेखनासाठी खास जपानी वही मिळाली नाही तरी अडत नाही. गणिताच्या चौकटींच्या वहीतील चार घरे मिळून एक मोठे घर धरावे. मधल्या दोन रेषांची फुली आपोआप मिळते आणि कांजीचा कोणता भाग कोणत्या पावात पडतो ते दिसते. पेन्सिल मऊ असावी. एका घरात एकच कांजी, आणि ती घराच्या मध्यभागी.

क्रमाचे मुख्य नियम थोडेच आहेत. वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जावे. आडवी व उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. डावीकडे उतरणारी तिरपी रेघ उजवीकडे उतरणारीच्या आधी. मधली रेघ आणि दोन्ही बाजूंना सारखे काही असेल तर मधली आधी. चौकट असेल तर आधी तिच्या वरच्या तीन बाजू, मग आतला मजकूर, आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. संपूर्ण आकृतीला आरपार जाणारी रेघ शेवटी.

झाडाची ‘की’ ही कांजी घेऊन पाहू. हिच्या चार रेघा आहेत. पहिली आडवी, घराच्या वरच्या तिसऱ्या भागात. दुसरी उभी, आडवीला छेदून थेट खाली. तिसरी त्या छेदबिंदूपासून डावीकडे खाली उतरणारी. चौथी तेथूनच उजवीकडे उतरणारी. उभी रेघ खाली पोहोचल्यावर पेन्सिल थांबवायची असते. या थांबण्याला ‘तोमे’ म्हणतात. तिरप्या रेघांच्या शेवटी हात हलका करत टोक निमुळते सोडायचे, ते ‘हाराई’. आणि पाण्याच्या ‘मिझु’ या कांजीत मधल्या उभ्या रेघेच्या शेवटी डावीकडे जो बारीक आकडा येतो, तो ‘हाने’. पाण्याची कांजी लिहिताना ही मधली आकड्याची रेघ सर्वांत आधी, मग डावीकडची मोडलेली रेघ एका दमात, आणि त्यानंतर उजवीकडच्या दोन.

तोंडाची ‘कुची’ चौकोनी दिसते म्हणून चार रेघांची वाटते, पण ती तीन रेघांची आहे: डावी उभी, मग वरची व उजवी बाजू कोपऱ्यात न उचलता एकाच रेघेत, आणि शेवटी तळ. ही पेन्सिल न उचलता वळण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे, नाहीतर पुढे शब्दकोशात रेघा मोजून कांजी शोधताना मोजणी दर वेळी चुकते. ‘नाका’ म्हणजे हीच चौकट काढून मग मधोमध आरपार जाणारी उभी रेघ. शेताच्या ‘ता’मध्ये मात्र आतली उभी रेघ आधी आणि आडवी नंतर येते, म्हणजे वर दिलेला आडव्या-उभ्याचा नियम येथे मोडतो. असे अपवाद थोडे असतात आणि ते भेटतील तसे लक्षात ठेवावेत. त्यांतला सर्वांत खट्याळ म्हणजे उजवा ‘मिगी’ आणि डावा ‘हिदारी’. दोन्हींचा वरचा भाग पाहायला अगदी एकसारखा, पण उजव्यात तिरपी रेघ आधी आणि डाव्यात आडवी आधी.

हा क्रम पाळण्याचा अट्टहास का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. क्रम पाळला की प्रमाण आपोआप साधते, वेगाने लिहिल्यावरही अक्षर वाचता येते आणि फोनवर बोटाने कांजी काढून शोधताना ती बहुधा पहिल्याच झटक्याला सापडते. याउलट तोमे आणि हाने यांच्या बारकाव्यांवर फार जीव काढू नये. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेने २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत असे किरकोळ फरक चूक धरू नयेत असे स्पष्ट केले आहे. झाडाच्या उभ्या रेघेला खाली आकडा आला तरी ते झाडच राहते.

सराव करताना एकच कांजी ओळीने वीस वेळा काढण्याने फार काही साधत नाही. पाचव्यानंतर हात चालतो आणि डोके झोपते. नमुना पाहावा, झाकावा, आठवून लिहावा, उघडून तपासावा आणि दुसऱ्या कांजीकडे वळावे. तीच कांजी दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा आठवून लिहावी. हे वेळापत्रक सांभाळायला अँकीसारखी अॅप आहेत, पण जुन्या पद्धतीचे पुठ्ठ्याचे पत्तेही तेवढेच काम देतात. पत्त्याच्या एका बाजूला एकटी कांजी लिहू नये, शब्द लिहावा. आठवड्याला दहा-बारा नव्या कांजी हा वेग नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला पेलतो.

घटक ओळखणे

पंचवीस-तीस कांजी झाल्यावर एक सुखद गोष्ट घडू लागते. नवी कांजी ही जुन्याच तुकड्यांची जुळणी असल्याचे दिसू लागते. दोन झाडे शेजारी आली की राई ‘हायाशी’, तीन आली की जंगल ‘मोरी’. माणूस झाडाला टेकला की ‘यासुमु’ म्हणजे विसावा घेणे. सूर्य आणि चंद्र एकत्र आले की ‘आकारुई’ म्हणजे उजेडाचे. शेत आणि बळ मिळून पुरुष.

अशा गोष्टी रंजक असल्या तरी त्यांच्यावर विसंबून फार दूर जाता येत नाही, कारण बहुसंख्य कांजी वेगळ्या रीतीने बनल्या आहेत: त्यांचा एक घटक अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा उच्चाराचा. वेळ या अर्थाच्या कांजीत डावीकडे सूर्य आहे आणि उजवीकडे देऊळ. देवळाचा वेळेशी अर्थाने काही संबंध नसून, देवळाच्या कांजीचे ओन्योमी ‘जि’ आहे आणि वेळेचेही ‘जि’ आहे, एवढाच त्याचा कार्यभाग. हाताचा घटक घेऊन तेच देऊळ ‘धरणे’ या कांजीत येते, तिचेही ओन्योमी ‘जि’. वाट पाहणे या कांजीत मात्र देऊळ असूनही उच्चार ‘ताई’ आहे. म्हणजे हा इशारा भरवशाचा असला तरी हमीचा नाही.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या वेगळ्या काढून त्यांचा मुद्दाम अभ्यास करावा. मोठा ‘ओकी’, कुत्रा ‘इनु’ आणि जाडा ‘फुतोई’ यांत फरक आहे तो एका ठिपक्याचा: मोठ्याला ठिपका नाही, कुत्र्याला तो उजव्या खांद्यावर, जाड्याला पायांच्या मध्ये. माणूस आणि ‘आत जाणे’ यांत दोन तिरप्या रेघांपैकी वर कोणती डोकावते एवढाच भेद आहे. आत जाण्याच्या कांजीत उजवी रेघ वर निघते. मातीत खालची आडवी रेघ लांब आणि वरची आखूड. उलट केले तर ती योद्ध्याची कांजी होते. अशा जोड्या एकाच पानावर शेजारी लिहिल्या की गोंधळ लवकर निवळतो.

छापील आणि पडद्यावरचे अक्षर

वर्तमानपत्रांत व पुस्तकांत जो मिंचो नावाचा टंक असतो, त्यात आडव्या रेघांच्या उजव्या टोकाला एक लहान त्रिकोण दिसतो. तो केवळ छपाईचा अलंकार आहे; त्याची नक्कल हाताने करू नये. लिहिण्यासाठी नमुना घ्यायचा तो शालेय पाठ्यपुस्तकांच्या टंकाचा, ज्याला ‘क्योकाशो’ टंक म्हणतात. फोनच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. चिनी आणि जपानी भाषांत एकाच संकेतांकावर असलेली काही अक्षरे थोडी वेगळी काढली जातात, आणि फोनच्या भाषांच्या यादीत जपानी नसेल तर पडद्यावर चिनी वळण दिसू शकते. ‘सरळ’ या अर्थाच्या कांजीत हा फरक ठळक आहे. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जपानी भाषा जोडून घ्यावी आणि मगच त्यावरून उतरवून काढावे.

त्याच वेळी जपानी कळफलकही चालू करून घ्यावा. हिरागानात उच्चार टाकला की तो कांजींचे पर्याय दाखवतो, आणि त्यांतला योग्य पर्याय ओळखणे हाच वाचनाचा उत्तम सराव होतो. ‘हाशी’ टाकले तर पूलही येतो आणि जेवणाच्या काड्याही. ‘कामी’ टाकले तर कागद, केस आणि देव हे तिन्ही समोर उभे राहतात. सुरुवातीला रोज तीन-चार वाक्यांची नोंद अशी टंकावी, निवडलेली कांजी शब्दकोशात पडताळावी आणि चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशीच्या पत्त्यांत घालावा.

वाचनासाठी पहिल्यापासून कांजीच्या वर लहान हिरागानात उच्चार छापलेला मजकूर निवडावा. या लहान अक्षरांना ‘फुरिगाना’ म्हणतात आणि मुलांच्या पुस्तकांत व बऱ्याचशा मांगांत, म्हणजे जपानी चित्रकथांत, ती असतात. पण डोळा आपसूक सोप्या अक्षरांकडे धावतो. त्यामुळे एक पट्टी घेऊन वरची ओळ झाकावी, कांजीवरून शब्द उच्चारून पाहावा आणि अडल्यासच पट्टी सरकवावी. जी कांजी तीन वेळा पट्टी सरकवूनही बसत नाही, ती वहीत लिहायला घ्यावी.